हे पत्र सभेत वाचू नकोस

११ जानेवारी

प्रिय नणंदबाई,

सलाम. मी बरी आहे, तू बरी असशील, देव चांगला आहे. झालं एकदाचं, आता मुद्द्याचं बोलू.

तुझं पत्र गुरुवारी बायकांच्या प्रार्थनासभेत वाचलं. नेहमीप्रमाणे चर्चच्या पाळकीणबाईंनीच वाचलं, आणि नेहमीप्रमाणे 'मुली' हा शब्द आला की त्या पदर डोळ्यांना लावत होत्या. त्या डोंगरावरच्या वसतिगृहात तू इतकी वर्षं पोरक्या मुलींना सांभाळते आहेस, याचा आमच्या चर्चच्या मंडळीला असा काही अभिमान आहे, की जणू सगळ्यांनी मिळून तुला पाठीवर बसवून वर नेऊन सोडलं. सभेनंतर चहा घेताना एका नव्या बाईंनी मला विचारलं, "तुम्ही त्यांच्या वहिनी ना? मग तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, "दात."

त्या बिस्किटांकडे वळल्या. कवळ्या करते म्हणून सांगायला हवं होतं, पण तेवढं सांगूनही काय होणार होतं? डॉक्टरांकडून साचे येतात, मी त्यांच्यावर मेणात एकेक दात बसवते, लॅबचे मालक ते पक्कं करून घेतात, आणि डबीत बसून कवळी निघून जाते. ती कोणाच्या तोंडात जाते ते मला कधी कळत नाही. इतकी वर्षं मी लोकांचं हसू बनवतेय आणि त्यातलं एकही हसू पाहिलेलं नाही.

तुझा भाऊ होता तोवर असलं काही मनात आलं नाही. तो घरी आल्यावर विचारायचा, "आज किती जणांना चावायला लावलंस?" आणि दिवस सत्कारणी लागल्यासारखा वाटायचा. आता विचारणारं कोणी नाही. लेक आठवड्यातून एकदा फोन करते आणि मी बोलत असताना 'हं, हं' करत दुसरंच काहीतरी आवरत असते. तिचा संसार आहे, तिला बोल लावत नाही मी.

पण उपासनेत बसले की वाटतं, देवाने सगळ्यांना हाक मारली आणि नेमका माझ्या वेळी त्याचा घसा बसला. तुझा हेवा वाटतो गं. शाळेत एका बाकावर बसायचो आपण, तेव्हाही तुझंच अक्षर चांगलं होतं.

तुझी,
वहिनी


३ फेब्रुवारी

प्रिय वहिनीबाई,

तुझं पत्र दुधाच्या गाडीबरोबर वर आलं. इथे अजून फोनला रेंज नाही, त्यामुळे दूधवाला हेच आमचं पोस्ट.

तुझी दातांची गोष्ट मुलींना वाचून दाखवली. सगळ्यात लहान जी आहे, तिला आम्ही बारकी म्हणतो, तिचे पुढचे दोन दात पडलेत. तिचं म्हणणं, मामींना सांगा, माझ्यासाठी दोन पाठवा, पण मोठे पाठवा. न विचारता तू मामी झालीस.

इथलं तेच चाललंय. टाकीत पाणी चढत नाही. दोघी तापाने निजून आहेत. हाताखालच्या बाई गेल्या त्या परत आल्या नाहीत, त्यामुळे आता मी आणि स्वयंपाकीणबाई अशा दोघीच. खरं सांगायचं तर ह्या मुलींचं फार ओझं आहे माझ्या मनावर. सकाळी डोळा उघडला की आधी तेच जाणवतं. प्रार्थनेत आठवण ठेवा.

माझी खोली अजून तशीच आहे का? खिडकीपुढचं झाड छाटलं तर नाही ना? तू लिहिताना ह्या गोष्टी गाळतेस. मला त्याच वाचायच्या असतात.

तुझी,
नणंद


१० फेब्रुवारी

प्रिय नणंदबाई,

काय लिहिलंस गं तू!

पाळकीणबाई त्या ओळीवर येऊन थांबल्या. 'ह्या मुलींचं फार ओझं आहे माझ्या मनावर.' पुन्हा वाचली. मग चष्मा काढून पुसला. तुला सांगायला नकोच, आपल्या मंडळीत हा शब्द उगाच कोणी तोंडी घेत नाही. प्रभूने अमक्यांसाठी मला ओझं दिलं, असं माणूस म्हणतो, तेव्हा त्या लोकांची तळमळ देवाने स्वतः त्याच्या काळजात घातलेली असते. इतकी वर्षं राबूनसुद्धा तुझी ती तळमळ ताजी आहे! सगळ्या बायका रडल्या. मी तर धाय मोकलून.

आणि रडता रडता मला काहीतरी झालं. ती ओळ माझ्यासाठीच आहे असं वाटलं. आपण इथे मेणात दात खोचत बसलोय आणि तिथे दुसरं माणूस नाही! मी उभी राहिले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "मलाही ओझं मिळालंय. मी जाणार."

तुझा भाऊ गेल्यापासून इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

झाड आहे तसंच आहे. त्याचं काय एवढं? मी येतेय, कळलं का तुला?

तुझी,
वहिनी (ऊर्फ मामी)


१९ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

घाई करू नकोस. इथे थंडी फार असते, तुझे गुडघे दुखतात. मुली वाटतात तेवढ्या गोड नाहीत. तुझं काम चांगलं आहे, ते कमी लेखू नकोस. घर सोडण्याच्या आधी मला विचार. मुख्य म्हणजे घर सोडू नकोस.

बाकी पुढच्या पत्रात. आत्ता टाकीजवळ भांडण लागलंय.

नणंद


२ मार्च

प्रिय नणंदबाई,

तू माझी परीक्षा बघतेस हे कळायला मी काही कुक्कुलं बाळ नाही. पाळकीणबाई म्हणाल्याच होत्या, आधी त्या तुम्हाला परावृत्त करतील, कारण देवाचं खरं पाचारण असेल तर माणूस तेवढ्याने डगमगत नाही. तर नाही डगमगले!

लॅबच्या मालकांना सांगून टाकलं. त्यांनी माझ्या टेबलावरची कवळी उचलून उजेडात धरली. मग म्हणाले, "तुमच्यासारखा पुढचा दात कोणाला बसवता येत नाही." हे त्यांनी आजवर एकदाही सांगितलं नव्हतं, आणि सांगायला मुहूर्त बघा कसा शोधला! माझ्या जागी एक मुलगी आलीसुद्धा. हात बरा आहे तिचा.

घरमालकीणबाईंना महिनाअखेरीला घर सोडते म्हणून कळवलं. तुझी खोली कालच आवरली. तुझे जुने स्वेटर खोक्यात भरताना मजा वाटली, की आता ते घेऊन मी तुझ्याकडेच येणार. रात्रंदिवस एकत्र राहू. चहा मी करीन, तुझा चहा अजून पाणचटच होत असणार.

लेक म्हणाली, "आई, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "बऱ्याच दिवसांनी आहे."

वाट बघ.

तुझी,
वहिनी


९ मार्च

हे पत्र सभेत वाचू नकोस. पाळकीणबाईंनी मागितलं तरी देऊ नकोस. एकटी असताना वाच.

वहिनी, अगं, ओझं म्हणजे ओझं. डोक्यावर गोणी असते ना, तसलं. मान मोडून आलीय माझी, एवढंच मला लिहायचं होतं.

माझी पत्रं सभेत मोठ्याने वाचली जातात, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. म्हणून मी नेहमी वरवरचंच लिहीत आले. त्या दिवशी न राहवून एक ओळ खरी लिहिली, तर तीच तुम्हाला सगळ्यात पवित्र वाटली! वाचून आधी हसले. मग स्वयंपाकघरात जाऊन दार लावून घेतलं.

मी थकलेय. मुलींवर खेकसते. काल बारकीचं मी ऐकूनच घेतलं नाही, ती बोलत होती आणि मी तिच्या तोंडाकडे बघत नुसती उभी होते. सकाळी मुलींकडून प्रार्थना म्हणून घेते, ओठ हलवते, आत काही नसतं. देव आहे यात मला शंका नाही. पण त्याच्याशी बोलायचं म्हटलं की जीभ जड होते. कित्येक महिने झाले.

मला सोडा, असं वसतिगृहाच्या समितीला मी कधीच कळवलंय. दुसरं कोणी मिळेपर्यंत थांबा म्हणाले, आणि दुसरं कोणी मिळत नाही. मुलींना वाऱ्यावर टाकून येणं माझ्याच्याने होत नाही. तू म्हणशील, मग मी येतेय की. पण तेच तर तुला समजत नाहीये. मला घरी यायचंय. घरी म्हणजे त्या खोलीत, तुझी बडबड भिंतीपलीकडून ऐकत. तू कांदे चिरताना रेडिओशी भांडतेस, ते मला ऐकायचंय. तू इथे आलीस तर मी जाऊ कुठे? घर म्हणजे तूच आहेस, बाई. आणि तू ते खोक्यात भरतेयस.

तुझ्या पाचारणावर पाणी ओतलं. चिडशील. चीड. पण येऊ नकोस.

नणंद


६ एप्रिल

प्रिय नणंदबाई,

पत्राला उशीर झाला. मुद्दाम केला. इतके दिवस तुझ्यावर असा तिळपापड झाला होता माझा की लिहिलं असतं तर कागद जळला असता.

माझं हसं झालं गं. भरल्या सभेत उभी राहिले, देवाने बोलावलं म्हणाले, आणि देव नव्हताच, तू होतीस, मान दुखतेय म्हणून सांगत. लॅबमध्ये परत गेले होते, दारापर्यंतच. माझ्या टेबलावर ती मुलगी मान खाली घालून मेण तापवत होती. तशीच मागे फिरले. घरी आले तर घर सगळं खोक्यांत. खोक्यावर बसून मी देवाला म्हटलं, थट्टा करायला माणसं कमी पडली का तुला? आणि खूप रडले. तुझ्या भावासाठीसुद्धा इतकी रडले नव्हते, खरं सांगते.

दोन-तीन आठवडे असेच गेले. उपासनेला गेले नाही. पाळकीणबाई येऊन गेल्या, मी दार उघडलं नाही. तुझं पत्र मात्र रोज काढून वाचायची, कडाकडा भांडायला. मग एकदा वाचताना 'मला घरी यायचंय' या वाक्यावर अडले आणि पुढे वाचवेना. मी माझ्याच अपमानात इतकी गुंतले होते की तू रडतेयस हे मला दिसलंच नव्हतं. शाळेत पडलीस तरी तू रडायची नाहीस. तुला कोणाकडे काही मागता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मागितलंस, तेही माझ्याकडे.

तेव्हा आता मी काय सांगते ते गुपचूप ऐक. घरमालकीणबाईंशी बोलले. घर ठेवतेय. खोकी सोडली. तुझ्या खोलीत चादर घातली, झाड खिडकीत आहे. किल्ली शेजारी ठेवीन. समितीला कळवलं की दुसरं माणूस मिळालंय, आणि मे लागायच्या आत ते माणूस वर पोचेल. हो, मीच. सभेत सांगितलं तसलं माझ्याकडे काही नाही. कोणाची तळमळ नाही, पाचारण नाही. मुलींना मी ओळखतसुद्धा नाही. तुला घरी यायचं असेल तर कोणीतरी तिथे उभं राहायला हवं, आणि मी रिकामी आहे. माझ्या बडबडीवाचून तुला दिवस काढावे लागतील, त्याला माझा इलाज नाही.

एक आठवडा तरी एकत्र राहू. काम समजावून दे. मला तुला बघायचंय. बाकी कशाची मला एवढी ओढ नाही.

तुझी,
वहिनी


२६ एप्रिल

प्रिय वहिनी,

मी तुझ्या स्वयंपाकघरातून लिहितेय. साखर कुठे ठेवतेस? बिनसाखरेचा चहा पितेय.

तू वर पोचायच्या आदल्या दिवशी मी खाली उतरले. स्वयंपाकीणबाईंनी तुला ताप, डॉक्टर वगैरे सांगितलं असेल. ताप होता, पण थोडासाच. खरं कारण हे, की तुला बसमधून उतरताना पाहिलं असतं तर माझा पाय निघाला नसता. एक आठवडा म्हणत राहिले असते आणि मग राहूनच गेले असते. दुधाच्या गाडीत बसले तेव्हा मुली फाटकाशी उभ्या होत्या. बारकी आली नाही. मी मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलं.

इथे आल्यावर नुसती झोपले. उठायचं, खायचं, झोपायचं. भिंतीपलीकडे शांतता असते. घर हवं होतं ते मिळालं आणि त्यात तू नाहीस, हे मला आधीच ठाऊक होतं. ठाऊक असून सोसत नाही. रेडिओ लावून बघितला. तो एकटाच बोलतो.

गुरुवारी सभेला गेले. देवाने तुमच्यासाठी काय केलं त्याची साक्ष द्या, असा सगळ्यांनी आग्रह केला. उभी राहिले आणि म्हणाले, "मी थकून आलेय. माझ्याकडून प्रार्थना होत नाही." कोणी आमेन म्हणालं नाही. मंडळींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. सभेनंतर कपबशा विसळताना पाळकीणबाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "असं बोललं तर चालतं, हे मला माहीतच नव्हतं." आणि माझ्या हातातल्या बशा काढून घेतल्या.

काल तुझ्या खुर्चीत बसले होते. अचानक तोंडातून निघालं, "तिला सांभाळ." दोनच शब्द. पुढे काही आलं नाही. पण ओठ आणि मन एकाच जागी होतं, कितीतरी दिवसांनी. ते मागणं तुझ्यासाठी होतं, म्हणून तुला कळवतेय.

मला क्षमा कर, किंवा शिव्या दे. पण लिही.

तुझी,
नणंद


१२ मे

प्रिय नणंदबाई,

साखर वरच्या फळीवर, निळ्या डब्यात. आता शिव्या.

नणंद ती नणंदच, हे म्हणतात ते काही खोटं नाही! बसमधून उतरताना मी केस सारखे केले होते, तुला दिसायचे म्हणून. स्वयंपाकीणबाई पुढे आल्या आणि माझी पिशवी घेत म्हणाल्या, "त्या काल गेल्या." मी तिथेच पिशवीवर बसले. मुली रांगेने उभ्या राहून, नवीन आलेली बाई रडते कशी, ते बघत होत्या. पहिली ओळख ही अशी झाली.

तुझी खाट, तुझी उशी, तुझ्या अक्षरातल्या पाट्या. इथे जिकडे बघावं तिकडे तू आहेस, फक्त तू नाहीस. मुली दर वाक्याला 'ताई असं करायच्या नाहीत' म्हणून मला ऐकवतात. पहिले काही दिवस माझ्या नाकी नऊ आले. भात करपला, एकीचं औषध दुसरीला देता देता वाचले, टाकीचा पाइप धरून उभी राहिले तर पाणी सोडून सगळं आलं. मी दमले की तुझी आठवण येते, आणि तू इतकी वर्षं हे एकटीने केलंस, पत्रात मात्र 'इथलं तेच' असं लिहीत आलीस, म्हणून पुन्हा राग येतो.

सभेत उभी राहिले त्या दिवशी वाटलं तसं हलकं काही वाटत नाही. सकाळी प्रार्थनेला उभी राहते, समोर झोपाळलेले चेहरे असतात, आणि मी सरळ म्हणते, देवा, आजचा दिवस निभावून ने. मोठ्या मुली हसतात. त्यांना वाटतं मला प्रार्थना येत नाही. हे पाचारण आहे का, मला खरंच कळत नाही. मी विचारणंही सोडलंय.

बारकी तू गेल्यापासून माझ्याशी बोलतच नव्हती. समोर आले की भिंतीकडे तोंड. काल संध्याकाळी मी पायरीवर बसले होते, तर आपणहून येऊन उभी राहिली, हातात कंगवा.

"तुम्ही किती दिवस राहणार?"

काय सांगू तुला, मोठमोठे शब्द सगळे तोंडाशी येऊन उभे राहिले. सेवा, प्रभूची इच्छा, आयुष्यभर. पण ती माझ्याकडे अशी बघत होती की त्यातला एकही उच्चारायची छाती झाली नाही. मी म्हटलं, "ते मला माहीत नाही गं. पण उद्या सकाळी मी आहे."

तिने थोडा विचार केला. मग कंगवा माझ्या मांडीवर ठेवला.

"मग उद्याची वेणी तुम्ही घाला," म्हणाली. "मोठ्या मुली फार ओढतात."

तुझी,
वहिनी